‘संगणकाचा मेंदू’: एका उपमेची तपासणी

संगणकाची ओळख करून देणारे बहुतेक कोणतेही शालेय पुस्तक उघडले, तर पहिल्या काही पानांतच एक वाक्य भेटते: प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू होय. हे वाक्य इतके रुळले आहे की ती एक उपमा आहे, याचाच आपल्याला विसर पडला आहे. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. आमचे म्हणणे असे की, डेस्कटॉप संगणकात गेल्या वीस वर्षांत काय घडले आणि पुढे काय होऊ घातले आहे, हे समजून घेण्याच्या वाटेत ही उपमा आडवी येते. म्हणून तिची एकदा नीट तपासणी करणे अगत्याचे आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार संपला. तिच्या जागी आलेली ‘विंडोज ११’ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीस आलेला किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. शिवाय सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही सोयही लागते. छत्रपती संभाजीनगर शहरात काय किंवा पैठण, सिल्लोड, कन्नडसारख्या तालुक्यांत काय, ज्या शाळेच्या संगणक कक्षात याहून जुनी यंत्रे आहेत, तिच्यापुढे प्रश्न उभा आहे: ती टाकून द्यायची का? नवी घ्यायची तर कोणती? अशा वेळी मुख्याध्यापक आणि संगणक शिक्षक दुकानदाराला जो पहिला प्रश्न विचारतात, तो या उपमेतूनच आलेला असतो: ‘मेंदू कितीचा आहे?’ म्हणजे किती गिगाहर्ट्झचा, कितव्या पिढीचा, किती कोअरचा? प्रश्नच अपुरा असेल, तर उत्तर बरोबर मिळूनही पैसे वाया जातात.

उपमा आली कोठून?

संगणकाची तुलना मेंदूशी करण्याची प्रथा संगणकाइतकीच जुनी आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एडव्हॅक या यंत्राचा आराखडा लिहिला, त्यात यंत्राच्या भागांची तुलना चेतापेशींशी केली आणि आकडे साठविण्याच्या भागाला ‘स्मृती’ हा शब्द वापरला. मात्र याच फॉन नॉयमन यांचे संगणक आणि मेंदू या विषयावरील पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात दोहोंमधील फरकही काळजीपूर्वक मांडलेले आहेत. आपण तुलना तेवढी उचलली, फरक सोडून दिले.

त्यांतील दोन फरक आपल्या कामाचे आहेत. पहिला असा की, मेंदूत स्मृती आणि विचार यांच्या जागा वेगळ्या काढता येत नाहीत. चेतापेशींमधील जोडण्यांतच स्मृती साठते आणि त्याच जोडण्या कामही करतात. संगणकात याच्या उलट आहे. हिशेब करणारी चिप एका जागी आणि आकडे ठेवणारी मेमरी दुसऱ्या जागी. दुसरा फरक असा की, माणसाचा मेंदू सुमारे २० वॅट इतक्या अल्प शक्तीवर चालतो. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची एकट्याची मर्यादा ५७५ वॅट आहे. घरातला छताचा साधा पंखा ७५ वॅटचा धरला, तर असे सात पंखे फिरूनही थोडी वीज उरेल. तात्पर्य, आकडे ने-आण करण्याला लागणारा वेळ आणि उष्णता या दोन अडचणींपाशी आजचे संगणक अडले आहेत आणि नेमक्या त्याच दोन ठिकाणी मेंदूची उपमा चुकते.

वेगाचे मोजमाप

प्रथम गिगाहर्ट्झ पाहू. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. १९९३ मध्ये पेंटियम ६० मेगाहर्ट्झने सुरू झाला आणि २००२ च्या अखेरीस पेंटियम ४ ने ३ गिगाहर्ट्झ ओलांडले. नऊ वर्षांत पन्नासपट! हाच क्रम चालू राहता, तर आज हजारो गिगाहर्ट्झचे प्रोसेसर दुकानांत मिळाले असते. प्रत्यक्षात इंटेलने ६ गिगाहर्ट्झचा डेस्कटॉप प्रोसेसर विकला तो २०२३ मध्ये. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत फक्त दुप्पट. इतकेच नव्हे, तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा मालिकेतील सर्वांत वरच्या प्रोसेसरचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे आधीच्या पिढीहून कमीच आहे.

असे का झाले, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. चिपमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती ही वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. समजा, दोन्ही २० टक्क्यांनी वाढविले. मग शक्ती १.२ × १.२ × १.२, म्हणजे सुमारे १.७३ पट होते. वेगात २० टक्के लाभ आणि उष्णतेत ७३ टक्के वाढ, असा हा व्यवहार आहे.

पूर्वी हा व्यवहार का जाचला नाही? आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान करत जाताना त्याचा दाबही त्याच प्रमाणात उतरविला, तर तेवढ्याच क्षेत्रफळात निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हे जमले. पुढे दाब एका व्होल्टच्या आसपास आला आणि त्याखाली फारसा उतरेना. उतरविला तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह गळू लागतो. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडून दिला. डेस्कटॉप प्रोसेसरच्या इतिहासातील हे खरे वळण. पाठ्यपुस्तकांत मूरच्या नियमाचा उल्लेख सापडतो, डेनार्ड यांचा क्वचितच. मूर यांचा ‘नियम’ हा निसर्गाचा नियम नसून १९६५ मध्ये केलेला आणि १९७५ मध्ये सुधारलेला एक अंदाज आहे. आपण शिकवतो तो अंदाज; त्यामागचे पदार्थविज्ञान गाळतो.

अनेक मेंदू?

वेग वाढेना, तेव्हा कंपन्यांनी एका चिपवर अनेक प्रोसेसर बसविण्यास सुरुवात केली. २००५ पासून डेस्कटॉपमध्ये दोन कोअर आले, आज १६ किंवा २४ कोअरचे प्रोसेसर मिळतात. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या प्रोसेसरांकडून एकत्र काम करून घेत असे. प्रचंड वेगाचा एकच प्रोसेसर करण्याऐवजी मध्यम वेगाचे पुष्कळ जोडावेत, हा तेथील विचार पुढे प्रत्येक टेबलावर पोहोचला.

परंतु कोअर दुप्पट झाले म्हणून काम दुप्पट वेगाने होते का? शिक्षकांना याचे उत्तर उत्तरपत्रिका तपासणीच्या अनुभवावरून ठाऊक असते. समजा, एकूण काम १०० तासांचे आहे. त्यातील ८० तासांचे तपासण्याचे काम वाटून देता येते. पण गुणांची जुळणी, फेरतपासणी आणि निकालपत्रक ही २० तासांची कामे एकामागून एक एकानेच करावयाची आहेत. चार परीक्षक लावले, तर २० आणि २० मिळून ४० तास लागतील. सोळा लावले, तर ५ आणि २० मिळून २५ तास. शंभर लावले तरी २० तासांच्या खाली काम येणार नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार तो हाच. शाळेत चालणाऱ्या लेखन, हिशेब आणि ब्राउझरच्या कामांत चार ते सहा कोअरच्या पलीकडे फारसा फरक जाणवत नाही, त्याचे कारण येथे आहे.

पाणचक्कीकडे पाहा

मेंदूची उपमा टाकली, तर दुसरी कोणती द्यावी? आमच्या मते आपल्या शहरातच एक चांगली उपमा उभी आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की मुलांनी सहलीत पाहिलेली असते. उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी काही किलोमीटर जमिनीखालच्या नळांतून आणून, ते उंचीवरून सोडून जाते फिरविण्याची ही योजना. जाते कितीही मोठे बसविले, तरी पीठ किती पडेल हे शेवटी ठरते ते पाण्याच्या ओघावर आणि धान्य किती झपाट्याने ओतले जाते त्यावर.

प्रोसेसर म्हणजे हे जाते. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा, तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. उलट मुख्य मेमरीकडे आकडा मागितला, तर तो यायला साधारणपणे ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका आकड्यासाठी जाते ३५० ते ५०० ठोके रिकामे राहू शकते. म्हणून जात्याशेजारी धान्याची लहान टोपली ठेवतात, तशी चिपवरच ‘कॅश’ नावाची लहान पण जलद मेमरी ठेवलेली असते.

या टोपलीचे मोल एका उदाहरणावरून कळेल. एएमडी कंपनीने २०२२ मध्ये रायझन ५८००एक्स३डी नावाचा प्रोसेसर काढला. त्याच्या आधीच्या भावंडाचा, ५८००एक्सचा, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ होता, याचा ४.५. पण चिपवर आणखी एक थर चढवून कॅश ३२ मेगाबाइटवरून ९६ मेगाबाइट केली होती. कमी वेगाचा हा प्रोसेसर अनेक खेळांत आधीच्यापेक्षा सरस ठरला. ‘मेंदू कितीचा?’ असे विचारणाऱ्याला हे कोडे सुटणार नाही. पाणचक्की पाहिलेल्या मुलाला सुटेल.

नॅनोमीटर हे माप की नाव?

जाहिरातींतील आणखी एक शब्द तपासू या. ‘३ नॅनोमीटर’ चिपमध्ये ३ नॅनोमीटरचे काय असते? विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर प्रामाणिक उत्तर असे आहे की, विशेष असे काहीच नाही. त्या तंत्रात लगतच्या दोन गेटमधील अंतर ४५ ते ५० नॅनोमीटरच्या आसपास असते. एके काळी हा आकडा खऱ्या मापाशी जोडलेला होता; आता तो पिढीचे नाव म्हणून उरला आहे. विज्ञान शिकविणाऱ्यांनी एककासह लिहिलेल्या या आकड्याला माप म्हणून मान्यता देऊ नये. मोजता येत नाही, त्याला एकक कशाला?

खरी प्रगती होते आहे, पण ती सर्व भागांत सारखी होत नाही. तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर पिढीतील आणि नंतरच्या ३ नॅनोमीटर पिढीच्या एका प्रकारातील कॅशच्या मेमरीपेशीचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच आहे. मग कॅशसाठी महागडी जागा का खर्चावी? यातून ‘चिपलेट’ची पद्धत आली. जुन्या पद्धतीची चिप वेरूळच्या कैलास लेण्यासारखी एकाश्म, सगळे एकाच खडकात. एक घाव चुकला की सगळे वाया. नव्या पद्धतीत भाग वेगवेगळे करून जोडतात. त्याला बीबी का मकबऱ्याचा हिशेब म्हणावा: घुमट आणि भिंतींचा खालचा काही भाग संगमरवरी, बाकी काम बेसाल्ट आणि गिलाव्याचे. एएमडीने २०१९ च्या डेस्कटॉप प्रोसेसरांत हिशेब करणारे भाग ७ नॅनोमीटर पिढीचे आणि ने-आण पाहणारा भाग जुन्या, स्वस्त १२ नॅनोमीटर पिढीचा घेतला. पुढील काळात डेस्कटॉपची वाटचाल बरीचशी याच मार्गाने होईल, असे दिसते.

चित्रे काढणारे यंत्र

आता ग्राफिक्सकडे वळू. ‘४के’ पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर दर सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. सुदैवाने प्रत्येक ठिपक्याचा हिशेब बहुतांशी स्वतंत्र असतो. उत्तरपत्रिकांच्या उदाहरणातील ते २० तास येथे जवळजवळ नाहीतच. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये हजारो साधे गणक बसविता येतात. आरटीएक्स ५०९० मध्ये ते २१,७६० आहेत. २००७ च्या सुमारास या गणकांकडून चित्रांखेरीज इतर गणितेही करून घेण्याची सोय झाली आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा डोलारा मुख्यतः अशाच चिपांवर उभा आहे. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३वा आला, तोही एनव्हिडियाच्या चिपांच्या बळावर.

मात्र येथेही मोजमापाची गल्लत होऊ लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० हे मध्यम किमतीचे कार्ड आदल्या पिढीच्या सर्वांत महागड्या ५०९० च्या पूर्वजाची, म्हणजे ४०९० ची बरोबरी करते, असे एनव्हिडियाने जाहीर केले. प्रत्यक्षात ४०९० मध्ये १६,३८४ गणक आणि २४ गिगाबाइट मेमरी. ५०७० मध्ये ६,१४४ गणक आणि १२ गिगाबाइट. मग बरोबरी कशी? हिशेब करून काढलेल्या प्रत्येक चित्रामागे आणखी तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरावयाची, अशी युक्ती त्यात आहे. पडद्यावरील हालचाल त्यामुळे गुळगुळीत दिसते, हे खरे आणि त्यामागचे तंत्र कौतुकास्पद आहे. पण मधली चित्रे खेळाडूने दाबलेल्या कळीची दखल घेत नाहीत; ती आधीच्या आणि नंतरच्या खऱ्या चित्रांवरून रचलेली असतात. प्रयोगवहीत चार वाचनांपैकी एक घेतले आणि तीन आलेखावरून भरली, तर आपण त्याला चार निरीक्षणे म्हणू का? कंपनीने आपला माल विकावा. पण दोन वेगळ्या गोष्टींना एकच एकक लावू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

पुढे काय?

जाते आणि पाणी जवळ आणणे, ही पुढची दिशा आहे. अॅपलने २०२० मध्ये एम१ चिपद्वारे प्रोसेसर, ग्राफिक्स आणि सामाईक मेमरी एकत्र आणली. एएमडीनेही २०२५ मध्ये मोठ्या ग्राफिक्ससह तशा चिपा काढल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतविण्याचे आणि दोघांच्या एकत्रित चिपा काढण्याचे जाहीर केले. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज साध्या व मध्यम कामांपुरती कमी होत जाईल आणि मोठी कार्डे थोड्या, श्रीमंत ग्राहकांपुरती उरतील, असा आमचा कयास आहे.

यात लाभ आहे, तसा तोटाही आहे. मेमरी चिपशेजारी कायमची बसविली की वीज वाचते, वेळ वाचतो. पण ती पुढे वाढविता येत नाही आणि बिघडली तर बदलता येत नाही. पेटी उघडून, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसविता येते, हे शाळेच्या दृष्टीने डेस्कटॉपचे मोठे वैशिष्ट्य होते. यंत्राचे भाग हाताळून शिकण्याची ती सोय होती. नव्या यंत्राचे गुणगान करणाऱ्या लेखांत या हानीची नोंद सहसा नसते.

शाळांनी काय करावे?

जुना संगणक ‘मेंदू म्हातारा झाला’ म्हणून टाकू नये. सिलिकॉन आठ-दहा वर्षांत झिजत नाही. बहुतेक वेळा यंत्र रेंगाळते ते जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे आणि अपुऱ्या मेमरीमुळे. तिच्या जागी एसएसडी बसविली आणि मेमरी ८ गिगाबाइट केली, की असे यंत्र शालेय कामाला पुष्कळ वर्षे पुरते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती चढल्या, हे अंदाजपत्रक करताना ध्यानात घ्यावे. सुरक्षेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे योग्य नव्हे. त्यासाठी लिनक्स हा मार्ग आहे. केरळने आपल्या शाळांतून मुक्त प्रणालीचा वापर अनेक वर्षे राज्यभर केला आहे, म्हणजे हे अशक्य नाही. आपल्या विद्यापीठाच्या परिसरात नायलिटचे केंद्र आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शिकविणाऱ्या अशा संस्थांकडे शाळांनी मार्गदर्शन मागण्यास संकोच करू नये.

नवे यंत्र घ्यावयाचेच असेल, तर दुकानदाराला पाच प्रश्न विचारावेत. मेमरी किती आहे आणि ती वाढविता येईल का? साठवण एसएसडीवर आहे का? पूर्ण भार असताना यंत्र किती वॅट घेते? सुटे भाग बदलता येतात का? आणि प्रणालीला आधार किती वर्षे मिळेल? गिगाहर्ट्झचा प्रश्न सहावा ठेवावा.

वर्गातही एक साधा प्रयोग करता येईल. विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ उघडून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख मुलांना दाखवावेत. एखादा मोठा कार्यक्रम सुरू होण्यास वेळ लागत असताना कोणता आलेख शंभर टक्क्यांना भिडतो आणि कोणता स्वस्थ असतो, याची नोंद त्यांना वहीत करू द्यावी. बहुतेक जुन्या यंत्रांवर ‘मेंदू’ वाट पाहत बसलेला आणि डिस्क धापा टाकत असलेली दिसेल.

एवढे पाहिल्यावर पुस्तकातले ते वाक्य मुलांकडूनच दुरुस्त करून घेता येईल. आमची सूचना अशी: ‘प्रोसेसर हा संगणकातील हिशेब करणारा भाग आहे; त्याचे काम किती लवकर होईल हे त्याला आकडे किती लवकर मिळतात आणि तो किती उष्णता सहन करू शकतो, यावरही अवलंबून असते.’ वाक्य थोडे लांबले, पण त्यासाठी एक गुण अधिक द्यायला हरकत नसावी.